मोठ्या कंपनीची नोकरी : दुकान विकण्याआधी करार वाचा

सुकापूरला माथेरान रस्त्यालगत फर्निचरचा एक छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक गाळा, पुढे पत्र्याची शेड, लाकूड कापायचे एक मशीन, एक रंधा मशीन आणि चार कारागीर. मालक मूळचे म्हसळा तालुक्यातले. पंचवीस वर्षांपूर्वी ते पनवेलला आले आणि सुकापुरात जसजशा इमारती उठत गेल्या तसतसा त्यांचा धंदा वाढत गेला. दरवाजे, कपाटे, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, सारे काही येथे होते. आजूबाजूचे लोक त्यांना चाचा म्हणतात, म्हणून आम्हीही चाचाच म्हणू.

असरच्या नमाजनंतर चाचांनी आम्हाला बोलावून घेतले आणि गल्ल्यातून एक कागद काढून पुढे ठेवला. धाकट्या मुलाला एका बड्या कॉम्प्युटर कंपनीचे पत्र आले होते. चाचा म्हणाले, "मोठा कुवेतला. हा आता ऑफिसात बसणार. मग हा गाळा मी कुणासाठी सांभाळू? मशीनसकट घेणारे गिऱ्हाईक दारात उभे आहे. पैसे घ्यावे आणि मोकळे व्हावे, असे मनात आहे. तुम्ही चार ठिकाणी फिरता, सांगा."

आम्ही पत्र वाचले. त्यात वार्षिक पगाराचा आकडा ठळक होता. हजर होण्याची तारीख मात्र नव्हती. ती मागाहून कळवली जाईल, एवढेच लिहिले होते. आम्ही चाचांना म्हटले, गिऱ्हाइकाला चार दिवस थांबवा, आम्ही चौकशी करतो. ती चौकशी म्हणजे हा लेख.

जहाज, आखात आणि आता कॉम्प्युटर

हा प्रश्न एकट्या चाचांचा नाही. कोकणातल्या आपल्या समाजाने आधी जहाजाची नोकरी पाहिली, मग आखाताची. आता तिसरी पिढी कॉम्प्युटरच्या नोकरीकडे वळली आहे. पनवेल स्टेशनवर सकाळी ठाण्याच्या गाडीला उभे राहिले तर गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवलेली मुले-मुली डब्याडब्यात दिसतात. कुणी घणसोलीला उतरते, कुणी ऐरोलीला. नवीन पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस २०११ पासून चालू आहे. सुताराचा मुलगा आणि शिंप्याची मुलगी घरापासून हाकेच्या अंतरावर इंजिनिअर होऊ शकतात, ही आपल्या वडिलांच्या काळात न सुचणारी गोष्ट होती. अल्हमदुलिल्लाह, हे चांगलेच झाले.

पण जहाज आणि आखात यांची ओळख आपल्याला दोन पिढ्यांत झाली. कोणता एजंट खरा, कोणत्या ॲग्रीमेंटमध्ये काय लपलेले असते, पासपोर्ट कुणाच्या हाती द्यायचा नाही, हे घराघरात माहीत आहे. कॉम्प्युटर कंपनीची नोकरी कशी असते, हे मात्र आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंना फारसे माहीत नाही. त्यामुळे कुणी तिला सरकारी नोकरी समजतो, तर कुणी जुगार. आमच्या पाहणीप्रमाणे ती या दोन्हींपैकी एकही नाही.

अमळनेरच्या तेलातून निघालेली कंपनी

अशा नोकऱ्या देणाऱ्या कंपन्यांपैकी एकीचा इतिहास आमच्या वाचकांना विशेष जवळचा वाटावा. ती कंपनी म्हणजे विप्रो. आज तिचे मुख्य कार्यालय बेंगळुरूला असले तरी तिचा जन्म आपल्या महाराष्ट्रातला, खानदेशातल्या अमळनेरचा. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी या मुस्लिम व्यापाऱ्याने 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' या नावाने ती नोंदवली. काम होते वनस्पती तूप काढण्याचे, पुढे धुण्याचा साबणही होऊ लागला. थोडक्यात, ही कंपनी आपल्याच बाजारपेठेतल्या धंद्यातून उभी राहिली.

१९६६ मध्ये हाशम प्रेमजींचे अचानक निधन झाले. मुलगा अझीम अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होता, वय अवघे २१. शिक्षण सोडून तो परतला. कंपनीच्या सभेत एका भागधारकाने त्याला तोंडावर सांगितले की हे काम तुझ्या आवाक्यातले नाही, तू आपला हिस्सा विकून मोकळा हो. हा प्रसंग अझीम प्रेमजींनी पुढे स्वतःच सांगितलेला आहे. त्यांनी हिस्सा विकला नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आय.बी.एम. ही अमेरिकन कंपनी भारतातून निघून गेली आणि कॉम्प्युटरच्या बाजारात जागा मोकळी झाली. तेल-साबणाच्या या कंपनीने त्या जागेत पाय ठेवला. २००० मध्ये तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदले गेले.

येथे व्यापारी बंधूंनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, अमळनेरच्या ज्या साध्या कुटुंबांनी सुरुवातीच्या काळात या कंपनीचे शेअर घेतले आणि धीराने जपले, त्यांचे नशीब पालटले. भागीदारीत बरकत असते, हे त्या गावाने पाहिले. दुसरी, कंपनीने १९८४-८५ च्या सुमारास एक न्यास स्थापून निवडक कर्मचाऱ्यांनाही शेअर देण्याची सोय केली. मालकाने नोकराला नफ्यात वाटेकरी करून घेणे ही त्या काळी आपल्याकडे नवलाची गोष्ट होती.

अझीम प्रेमजींनी आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग शिक्षणाच्या कामाला दिला आहे. मार्च २०१९ पर्यंत या दानाचे एकूण मूल्य सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये झाले होते. त्याच वर्षी जुलैअखेर ते निवृत्त झाले आणि त्यांचे पुत्र रिशद प्रेमजी अध्यक्ष झाले. मालक दानशूर आहे, ही अभिमानाची गोष्ट. परंतु दानशूर मालकाच्या कंपनीतही नोकराचे सारे दिवस सारखे जात नाहीत. तेच आता पाहू.

नोकरदारांनी सांगितलेली गोड बाजू

सुकापूर आणि नवीन पनवेल परिसरात राहणाऱ्या, निरनिराळ्या बड्या कंपन्यांत काम करणाऱ्या काही मुला-मुलींशी आम्ही बोललो. त्यांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावे आम्ही छापत नाही, कारण त्यांना उद्या पुन्हा कामावर जायचे आहे.

एका शिंप्याची मुलगी आठ वर्षांपासून सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते. ती म्हणाली, "अब्बांनी आयुष्यभर दिवाळी आणि ईदच्या हंगामावर घर चालवले. मधले महिने उधारीवर जायचे. माझा पगार महिन्याच्या ठरल्या दिवशी बँकेत पडतो. एवढ्याच गोष्टीने आमच्या घरातली भांडणे संपली." तिच्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन कंपनीच्या मेडिक्लेमवर झाले. आठवड्यातले दोन दिवस ती घरूनच काम करते. गावात तिची ओळख आता 'शिंप्याची मुलगी' अशी राहिलेली नाही; शिंप्याला लोक 'इंजिनिअरचे अब्बा' म्हणू लागले आहेत.

दुसरा तरुण साधा बी.एस्सी. झालेला. कंपनीनेच त्याला पुढच्या पदवीला बसवले, फी कंपनीने भरली. विप्रोने अशी योजना १९९५ पासून पिलानीच्या बिट्स संस्थेबरोबर चालवली आहे, आणि पुढे इतर विद्यापीठेही तिच्यात आली. घरची परिस्थिती नसताना नोकरी करता करता उच्च पदवी मिळणे, हा फार मोठा आधार आहे. अर्थात याच्या बदल्यात ठरावीक वर्षे कंपनी सोडायची नाही, अशी अट असते. पण ती आधीच लिहून दिलेली असते.

जुमा आणि रमजानविषयी आम्ही मुद्दाम विचारले. उत्तरे संमिश्र मिळाली. एकाच्या ऑफिसात नमाजसाठी शांत खोली आहे. एकाचा हिंदू वरिष्ठ रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी स्वतः त्याची जागा सांभाळतो. तिसऱ्याला मात्र शुक्रवारी नेमकी दीड वाजता मीटिंग लागते आणि ती बदला म्हणायची त्याला हिंमत होत नाही. आम्ही त्याला विचारले, कधी विनंती करून पाहिली का? तो म्हणाला, नाही. आमच्या मते आधी अदबीने विचारावे. न विचारताच समोरच्याला दोष देणे बरोबर नाही.

आणि कडू बाजू

आता दुसरी बाजू. या धंद्याची मुख्य गोष्ट अशी की कंपनी परदेशी गिऱ्हाइकाचे काम घेते आणि ते करायला माणसे लावते. काम असते तोवर माणूस 'प्रोजेक्ट'वर असतो. काम संपले की तो रिकामा बसतो. त्याला त्यांच्या भाषेत 'बेंच' म्हणतात. नाक्यावर काम मिळण्याची वाट पाहणाऱ्या मजुराची आणि बेंचवर बसलेल्या इंजिनिअरची काळजी एकच असते. फरक इतकाच की इंजिनिअरचा पगार काही काळ चालू राहतो. हा काळ आता आखडत चालला आहे. टी.सी.एस. या देशातल्या सर्वांत मोठ्या आय.टी. कंपनीने जून २०२५ पासून नियम केला की वर्षात किमान २२५ दिवस गिऱ्हाइकाच्या कामावर असले पाहिजे आणि बेंचचे दिवस ३५ च्या आत राहिले पाहिजेत. पुढच्याच महिन्यात तिने सुमारे १२ हजार, म्हणजे साधारण दोन टक्के, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले लोक अधिक होते.

सोळा वर्षे एका कंपनीत काढलेले एक गृहस्थ आम्हाला भेटले. त्यांना एका दुपारी खोलीत बोलावून राजीनामा लिहून देण्यास सांगितले गेले. कागदोपत्री ते 'स्वखुशीने' गेले. आता ते भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतात. ते म्हणाले, "पगार वाढला तसा फ्लॅट मोठा घेतला, गाडी मोठी घेतली. पगार थांबला, हप्ता थांबला नाही. भावाचे दुकान होते म्हणून इज्जत राहिली."

विप्रोचेच पाहा. २०२२ मध्ये तिच्याकडून दर शंभरातले तेवीसच्या आसपास लोक वर्षाला सोडून जात होते, कारण बाहेर मागणी होती आणि मुले पगारासाठी उड्या मारीत होती. मग मागणी आटली. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात कंपनीतल्या माणसांची संख्या २४ हजारांहून अधिक घटून सुमारे २ लाख ३४ हजारांवर आली. तेजी-मंदी आपल्या बाजारात असते तशी तिथेही असते. फक्त काचेच्या इमारतीत ती बाहेरून दिसत नाही.

सर्वांत जास्त सोसले ते नव्या मुलांनी. साडेसहा लाख रुपये वार्षिक पगाराची पत्रे हाती असलेली मुले महिनोन्महिने हजर होण्याच्या तारखेची वाट पाहत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने त्यांना विचारले, साडेतीन लाखांवर येता का? पुण्यातल्या 'नाइट्स' या आय.टी. कर्मचाऱ्यांच्या संघटनेने हे अन्यायाचे आहे, असे जाहीरपणे सांगितले. बहुतेक मुलांनी कमी पगार कबूल केला, असे कंपनीने नंतर सांगितले. घरी बसून वाट पाहणारा मुलगा दुसरे काय करणार? त्याआधी जानेवारीत प्रशिक्षणानंतरच्या चाचणीत कमी पडले म्हणून ४५२ नवख्यांना कंपनीने घरी पाठवले होते. त्यांच्याकडून घेणे निघत असलेला प्रशिक्षणाचा खर्च मात्र तिने माफ केला. अशीच गोष्ट फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर केंद्रात घडली आणि तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थी बाहेर पडले.

चाचांच्या मुलाच्या पत्रावरही तारीख नाही, हे येथे वाचकांना आठवेल.

मुलींच्या रात्रपाळीविषयी

परदेशी गिऱ्हाइकाचा दिवस म्हणजे आपली रात्र. म्हणून रात्रपाळी या धंद्यात सर्रास आहे. २००७ मध्ये पुण्यात विप्रोच्या कॉल सेंटरमधील एका तरुणीची, तिला कामावर नेण्यासाठी आलेल्या भाड्याच्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने, अत्याचार करून हत्या केली. त्या घटनेने सारा महाराष्ट्र हादरला आणि कंपन्यांच्या गाड्यांविषयीची शिस्त कडक होऊ लागली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर बोलावता येते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची जबाबदारी मालकावर असते.

यावरून मुलींना नोकरीच करू देऊ नये, असा अर्थ कुणी काढू नये. आम्ही भेटलो त्या मुलीच घर सावरताना दिसल्या. पण वडिलांनी आणि भावांनी मुलीला हे प्रश्न विचारायला शिकवावे : पाळी कोणती, गाडी कुणाची, गाडीत रक्षक आहे की नाही, आणि रात्रपाळी नाकारली तर काय होते. हे प्रश्न विचारणे हा तिचा हक्क आहे.

करार दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो

सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे सांगितले. कंपनीच्या पगारावर असतानाच ते चोरून तिच्या स्पर्धक कंपन्यांचेही काम करीत होते, असे रिशद प्रेमजींचे म्हणणे होते. ही सरळसरळ फसवणूक आहे, असे मत त्यांनी आधीच मांडले होते. त्यावर देशभर बरीच चर्चा झाली. अनेक तरुणांचे म्हणणे होते की ऑफिसची वेळ संपल्यावर आम्ही काय करतो हा आमचा प्रश्न आहे.

आम्ही याकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहतो. आपल्या दुकानातला नोकर दुपारी समोरच्या दुकानदाराचा हिशोब लिहीत असेल आणि आपले गिऱ्हाईक, आपले भाव त्याला माहीत असतील, तर आपल्याला चालेल का? चालणार नाही. ही अमानतीत खयानत होईल. मुलाने नेमणूकपत्रावर दुसरे काम न करण्याची अट मान्य करून सही केली असेल, तर ती पाळणे त्याच्यावर बंधनकारक आहे. सूरह अल-माइदाची सुरुवातच ईमानवाल्यांना करार पाळण्याच्या आदेशाने होते.

पण हाच माप कंपनीलाही लावावा लागेल. साडेसहा लाखांचा शब्द देऊन साडेतीन लाखांवर बोलावणे आणि तारीख न देता मुलाला वर्षभर टांगून ठेवणे, हे कायद्याच्या कलमात बसत असेलही, शब्दाच्या बरकतीत बसत नाही. नोकराने सोडताना तीन महिन्यांची नोटीस द्यावी आणि मालकाने मात्र एका दुपारी खोलीत बोलावून निरोप द्यावा, हा तराजू सरळ नाही.

कायदाही आता थोडा पुढे सरकला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. कामगाराला नेमणूकपत्र देणे, आय.टी. कर्मचाऱ्यांचा पगार दर महिन्याच्या ७ तारखेच्या आत करणे, स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन देणे, या गोष्टी त्यात आल्या आहेत. म्हणजे कागद हाती असणे ही आता मेहेरबानी राहिलेली नाही.

कारागिराने विचारलेला प्रश्न

ही सारी माहिती घेऊन आम्ही पुन्हा सुकापूरला चाचांच्या कारखान्यात गेलो. चाचा ऐकत होते. कोपऱ्यात पॉलिश करणारा एक जुना कारागीरही ऐकत होता. आमचे बोलणे संपल्यावर तो हात पुसत पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, कंपनीतल्या पोरांचे दुःख तुम्ही लिहिता, चांगले आहे. आमचेही दोन शब्द लिहा. मी येथे अकरा वर्षे आहे. माझ्याकडे कसलाच कागद नाही. काम नसले की घरी बसा, त्याचे पैसे नाहीत. दोन वर्षांपूर्वी मशीनवर बोट गेले. दवाखान्याचा खर्च चाचांनी केला, अल्लाह त्यांना बरकत देवो. पण तो पैसा मदतीत धरला की माझ्या उचलीत, हे मला आजपर्यंत माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही."

शेडमध्ये क्षणभर कुणी बोलले नाही. चाचांनी वही काढली, पाने उलटली. त्या महिन्याची नोंद सापडली. दवाखान्याचे नऊ हजार रुपये कारागिराच्या नावावर उचल म्हणून लिहिलेले होते. लिहिणारा मुनीम कधीच सोडून गेला होता आणि चाचांनी ते पान नंतर कधी पाहिले नव्हते. त्यांनी त्या ओळीवर आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि वही कारागिराच्या हाती दिली.

आम्ही हे चाचांच्या परवानगीने लिहीत आहोत. ते स्वतः म्हणाले, "लिहा. माझ्यासारखे आणखी असतील."

खरे आहे, असतील. ज्या तक्रारी आपला मुलगा कंपनीविषयी करतो, त्याच आपला कारागीर आपल्याविषयी करतो. शब्द लेखी नाही, काम नसेल तर पगार नाही, दुखापत झाली तर कुणाच्या खात्यावर हे ठाऊक नाही, आणि विचारायची सोय नाही. मजुराची मजुरी विनाविलंब द्यावी, ही अल्लाहचे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची ताकीद आपण जुम्याच्या खुतब्यात अनेकदा ऐकतो. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत आहे. तिच्यात लिहून घेण्याला आणि साक्षीदाराला एवढी जागा दिलेली असताना आपले कारखाने मात्र तोंडी शब्दावर चालतात.

बड्या कंपनीकडून शिकण्यासारखे हेच आहे. तिच्या काचा आणि लिफ्ट आपल्याला परवडणार नाहीत. पण ठरल्या तारखेला पगार, हातात एक कागद, दुखापतीचा विमा आणि चांगल्या वर्षी नफ्यातला थोडा वाटा, एवढे चार कारागिरांच्या कारखान्यालाही जमते.

पत्र हाती आल्यावर काय पाहावे

ज्यांच्या घरी अशी पत्रे आली आहेत किंवा येणार आहेत, त्यांच्यासाठी आमच्या चौकशीतून निघालेल्या काही सूचना देत आहोत.

१) वार्षिक आकड्याला भुलू नका. साडेतीन लाखांना बाराने भागले तर महिन्याला २९ हजारांच्या वर रक्कम दिसते. पण त्यात कंपनीचा पी.एफ.चा हिस्सा, ग्रॅच्युइटी, विमा आणि कामगिरीवर अवलंबून असणारी रक्कम धरलेली असते. मुलाला पहिल्याच दिवशी विचारायला सांगा : हातात किती पडणार? पी.एफ.वरच्या व्याजाचा मसला आपल्या जवळच्या आलिमांना विचारून घ्यावा.

२) हजर होण्याची तारीख पत्रात आहे का ते पाहा. नसेल तर ते पत्र म्हणजे बयाणा न घेता दिलेली ऑर्डर समजा. त्यावर लग्न ठरवू नका, कर्ज काढू नका.

३) ठरावीक वर्षांचे बंधन आहे का, मध्येच सोडले तर किती पैसे भरावे लागतात, नोटीस किती दिवसांची, हे वाचा. मूळ प्रमाणपत्रे कुणी ठेवून घेत असेल तर सावध व्हा. आखातात पासपोर्टविषयी जी काळजी घेतो, तीच येथे घ्या.

४) दुसरे काम करण्यास मनाई आहे का ते पाहा. मुलगा सुट्टीच्या दिवशी घरच्या दुकानाचा हिशोब पाहणार असेल तर तेही कंपनीला विचारून, शक्य तर लेखी परवानगीने करावे.

५) पगार सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी हप्त्याची गाडी घेऊ नये. किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढावा. बेंचवर बसलेल्या माणसाला हाच पैसा ताठ मानेने उभे ठेवतो.

६) जबरदस्तीने राजीनामा मागितला तर घाबरून त्याच क्षणी सही करू नये. वेळ मागावा, वकिलाचा किंवा कर्मचारी संघटनेचा सल्ला घ्यावा.

७) आणि शेवटची सूचना वडिलांसाठी. मुलाच्या नोकरीच्या भरवशावर चालता धंदा विकू नका. तेल-साबणाचा धंदा हातात होता म्हणूनच विप्रोला कॉम्प्युटरचा नवा डाव खेळता आला. जुना धंदा पायाखाली ठेवूनच नवी पायरी चढावी.

चाचांनी गिऱ्हाइकाला नकार कळवला आहे. चारही कारागिरांना त्यांनी साध्या कागदावर मजुरी, पगाराची तारीख आणि दुखापतीच्या खर्चाची अट लिहून दिली. मजकूर मुलाने कॉम्प्युटरवर तयार केला. मुलाच्या हजर होण्याची तारीख अजून आलेली नाही. तोवर तो रोज सकाळी कारखान्यात येतो, गिऱ्हाइकांना ट्रॉलीचे नकाशे स्क्रीनवर काढून दाखवतो आणि लाकडाचा हिशोब ठेवतो. तारीख आली की तो जाईल आणि त्याने जावेही. आमची दुआ त्याच्याबरोबर आहे. गाळ्याचे शटर मात्र दुसऱ्या दिवशीही नेहमीच्या वेळेला वर जाईल, इन्शाअल्लाह.